ब्रेकबाईच्या घरातला गांजाचा वाद

नवा शिकाऊ गाडीत बसला की ब्रेकबाई त्याला पहिल्यांदा किल्ली द्यायची नाही. आधी विचारायची, "थांबता येतं का?" समोरचा गोंधळायचा. मग ती म्हणायची, "चला, आधी तेवढं शिकू."

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय सदैव त्यावर टेकलेला. सवय इतकी मुरलेली की घरी टीव्हीवर सिनेमातली मोटार सुसाट वळणावर आली तरी तिचा पाय फरशीत रुतायचा. लेक म्हणायची, "आई, तो हीरो आहे, त्याला काही होत नाही." नवरा म्हणायचा, "फरशीला खड्डा पडला की तुझ्याकडूनच भरून घेणार आहे." शिकणाऱ्यांनी ठेवलेलं 'ब्रेकबाई' हे नाव गल्लीनं उचललं आणि शेवटी तिच्या सख्ख्या भावानंही तेच लावून धरलं.

हा भाऊ म्हणजे दादा. तो एकेकाळी बस चालवायचा. एका दुपारी शेवटच्या थांब्यावर बस उभी करून तो मागचं टायर बघायला उतरला, आणि पाठीमागून आलेल्या एका मोटारीनं त्याला बसच्या बंपरवर दाबलं. मोटार वेगात नव्हती, हेच त्यातलं विचित्र. चालवणारा पोरगा अगदी रमतगमत येत होता. त्यानं गांजा ओढला होता. समोर माणूस आहे हे त्याला दिसलं, ब्रेक मारायला हवा हेही कळलं. पण कळणं आणि पाय हलणं यांच्यात जो वेळ गेला, त्यात दादाचा गुडघ्याखालचा पाय गेला.

तेव्हा ब्रेकबाई नुसती धाकटी बहीण होती आणि एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर कपडे घ्यायचं काम करायची. दवाखान्यात दादाच्या उशाशी बसून ती रडत होती, तर दादाच तिला म्हणाला, "हात आहेत, डोळे आहेत, तोंड तर आहेच. आपण गाडी शिकवायची शाळा काढू. मी वर्गात शिकवतो, तू रस्त्यावर शिकव."

"दादा, मला स्वतःला गाडी येत नाही."

"म्हणजे वाईट सवयीही नाहीत. झकास."

दादानं शेजारी बसून आधी तिलाच गाडी शिकवली, आणि मग लॉन्ड्रीच्याच वरच्या खोलीत शाळा सुरू झाली. दादा टेबलावर खडूनं चौक आखायचा आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या फिरवून कुणी कुणाला वाट द्यायची ते समजावायचा. बसवलेल्या पायाला तो 'भाडेकरू' म्हणायचा. "आज भाडेकरू कुरकुरतोय," म्हणाला की वर्ग लवकर सुटणार हे ठरलेलं. मोटार चालवणाऱ्या त्या पोराबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. "त्याला शिक्षा झाली, पण माझा पाय काही परत उगवला नाही. संपला विषय," एवढंच म्हणायचा. गांजा हा शब्द मात्र त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

शाळेची पाटी रंगवायला जो पेंटर आला, तो पाटीवरच्या 'ड्रायव्हिंग'मधल्या 'ड्र'पाशी इतका रेंगाळला की दादाला शंका आली. ती खरीही निघाली. पेंटरचं लक्ष अक्षरात कमी आणि चहा घेऊन येणाऱ्या बहिणीकडे जास्त होतं. दादानंच पुढाकार घेऊन लग्न जमवलं. "नाहीतर ही पाटी या जन्मात पुरी होणार नाही," असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

पेंटरचा हात शहरात नावाजलेला होता. औषधाच्या दुकानाची काच, बेकरीची पाटी, डॉक्टरांच्या दारावरची नावं, सगळीकडे त्याची गोल, टपोरी अक्षरं. लेक शाळेत जाऊ लागली त्या सुमाराला एकदा शिडीवर असताना त्याचा पाय बधिर झाला. पुढं बऱ्याच तपासण्या झाल्या. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण जागोजाग खराब होत जातं, असा तो आजार निघाला. लगेच जिवावर बेतणारा नव्हे, पण माणसाला थोडं थोडं खात जाणारा.

लेक कॉलेजात जायला लागेपर्यंत पेंटर चाकांच्या खुर्चीत आला होता. दिवस बरा जायचा. संध्याकाळी जेवायला बसलं की पाय आखडायला लागायचे. मांड्या लाकडासारख्या ताठ, पोटऱ्यांत गोळे, गुडघे एकमेकांवर आवळलेले. ताट तसंच टाकून दोघी त्याला पलंगावर घ्यायच्या, आणि ब्रेकबाई त्याचे पाय मांडीवर घेऊन तळव्यापासून वर दाबत राहायची. घामानं भिजलेला पेंटर दात आवळून म्हणायचा, "हळू. क्लच एकदम सोडू नकोस." गोळ्या होत्या, पण त्यांनी पाय सैल पडायचे तसा माणूसही सैल पडायचा. घास हातात असताना मान छातीवर यायची. तेव्हा गोळे सोसायचे की गुंगी, एवढीच काय ती निवड त्याच्या हातात होती.

अशात सरकारनं नव्या कायद्याचा मसुदा आणला. मोठ्या माणसांनी गांजा ओढला तर तो गुन्हा राहू नये, परवाना दिलेल्या दुकानांत तो विकता यावा, आणि त्याच झाडापासून केलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळावीत, असं सगळं त्या मसुद्यात एकत्र होतं. शहर दोन तुकड्यांत फाटलं. लॉन्ड्रीच्या काउंटरवर भांडणं व्हायला लागली. शाळेच्या गाडीत शिकाऊ गिअर टाकता टाकता विचारायचे, "बाई, तुमचं काय मत?" ब्रेकबाई म्हणायची, "माझं मत, आरशात बघा."

घरात तर रविवारी दुपारी दादा जेवायला यायचा आणि लेक वादाला तयारच बसलेली असायची. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती आणि घरी येऊन सगळ्यांना शिकवत होती.

"मामा, बंदी असूनही लोक ओढतातच ना? मग चोरट्या बाजाराचा माल, त्यात काय मिसळलंय देव जाणे. त्यापेक्षा उघड दुकान बरं. आणि दारू चालते ती कशी?"

"दारू चालते, म्हणून तिनं कुणाचं भलं केलंय?" दादा म्हणाला. "एक चूक आहेच घरात, तिला सोबत म्हणून दुसरी आणायची?"

"एवढ्याशा पुडीसाठी पोरांना तुरुंगात टाकतात, ते बरोबर?"

"ते नाही बरोबर," तो म्हणाला. "ते मी कधी बरोबर म्हटलं? पण दुकान नको. दुकान झालं की जाहिरात आली, जाहिरात आली की पोरं आली, आणि पोरं आली की ती गाडी घेऊनच येणार."

पेंटर खुर्चीत बसून दोघांकडे टेनिसचा सामना बघावा तसा बघत होता. ब्रेकबाईनं विषय बदलून आमटीच्या मिठावर आणला.

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती शहरात येणार असं जाहीर झालं, आणि ब्रेकबाईकडे माणसं यायला लागली. पालकांच्या संघाचे अध्यक्ष आले. "तुमच्या भावाचं उदाहरण तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे. विरोधात तुमच्यासारखा साक्षीदार नाही." ते जिना उतरतात न उतरतात तोच रुग्णांच्या गटातली एक बाई आली. "तुमच्या मिस्टरांचं उदाहरण तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे. बाजूनं तुमच्यासारखा साक्षीदार नाही." ब्रेकबाईनं दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही "बघते" म्हणून वाटेला लावलं. मग रिकाम्या वर्गात ती बराच वेळ बसून राहिली. खडूचा चौक समोर होता. कुणाला वाट द्यायची ते तिला काही केल्या सुचेना.

लेकीनं वेगळाच मार्ग काढला. एका संध्याकाळी बापाचे गोळे ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीच्या ओळखीत एक जण गांजाचं तेल आणून देतो. कुणाला कळणार नाही."

"कळणार नाही, म्हणूनच नको," पेंटर म्हणाला. "तुझी आई लोकांना कायदा शिकवून पोट भरते. आराम मिळायचा तर उजळ माथ्यानं मिळू दे. आणि दुसरं म्हणजे, ज्यानं मामाचा पाय गेला त्यानंच माझे पाय सुटावेत, हे माझ्या घशाखाली उतरत नाही."

"मामाला तुमचे हाल माहीतच कुठे आहेत?"

ते खरं होतं. दादा यायचा तो दुपारी, पेंटरच्या बऱ्या वेळी. त्याच्यासमोर विषय निघू नये म्हणून तिघांनी काही न ठरवताच ही गोष्ट झाकून ठेवली होती. औषधाचा विषय काढणं म्हणजे त्याच्या पायाचा विषय काढणं, असं तिघांनाही वाटायचं.

पण झाकलेलं राहिलं नाही. शाळेच्या किल्ल्या बहिणीच्या घरी विसरल्या म्हणून दादा एक दिवस संध्याकाळीच आला. दार लेकीनं उघडलं. आत पलंगावर पेंटर कमानीसारखा ताणलेला, तोंडात उशीचं टोक, आणि ब्रेकबाई त्याच्या पायांशी झुंजत होती. दादा दारात थबकला. मग काठी भिंतीला लावून तो पलंगाच्या कडेला बसला, पेंटरचा एक पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला आणि बहीण करत होती तसाच दाबायला लागला. बऱ्याच वेळानं पाय सैल पडले.

"हे रोज?" दादानं विचारलं.

"जवळजवळ रोज," ब्रेकबाई म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीत."

पेंटरनं हसायचा प्रयत्न केला. "दादा, तुम्हाला तुमचा भाडेकरू पुरे आहे."

लेकीला राहवलं नाही. "मामा, त्या मसुद्यातलं औषध याच आजाराला देतात. बाकीच्या काही देशांत मिळतं. बाबा तुमच्यामुळे..."

"गप्प बस," ब्रेकबाई म्हणाली. पण वाक्य पोचलं होतं. दादानं पेंटरचा पाय हळूच पांघरुणाखाली सरकवला, किल्ल्या उचलल्या आणि तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो जेवायला आला नाही. भाडेकरूचं निमित्त सांगितलं. इतकी वर्षं ज्यानं आपल्याला उभं केलं, त्याला आपल्याच घरात दुखावलं, असं ब्रेकबाईला वाटत राहिलं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. समितीच्या अध्यक्षा, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक वयस्कर बाई, सुरुवातीलाच म्हणाल्या, "मला ऐकू चांगलं येतं. ओरडणाऱ्याचा वेळ मी कापणार." त्यामुळे सभा बरीच शांत चालली.

सुरुवातीला मनोविकारांच्या एक डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या मसुद्याच्या विरोधात होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात येणाऱ्या काही मुलांना भिंतींमधून आवाज ऐकू येतात. प्रत्येकाला गांजामुळेच हे होतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं, आणि कुणाला होणार ते आधी ओळखता येत नाही. त्या मुलांच्या आया इथे बोलायला येत नाहीत, त्यांना लाज वाटते. म्हणून मी आले." ब्रेकबाईनं शेजारी पाहिलं. खुर्चीतला पेंटर मान हलवत होता. त्याच्या पलीकडे लेक वहीत टिपून घेत होती.

मग ब्रेकबाईला बोलावलं. ती कुणाच्या बाजूनं बोलणार हे तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं, "एकदा एक शिकाऊ गांजा ओढून हसत हसत गाडीत बसला. मी त्याला विचारलं, थांबता येतं का, तर त्याला त्या प्रश्नाचंच हसू आवरेना. त्याला मी चालत घरी पाठवला. असा माणूस चाकामागे नको, हे मी मरेपर्यंत सांगेन. माझ्या भावाचं तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या घरी..." इथं तिला पुढं बोलता येईना. ती पेंटरकडे बघत उभी राहिली. अध्यक्षांनी वेळ कापला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "बसा. उरलेलं लेखी दिलंत तरी चालेल."

त्यानंतर पुकारलं गेलेलं नाव ऐकून ती चमकली. मागच्या रांगेतून काठी टेकत दादा पुढे येत होता. तो येणार आहे हे तिला माहीतच नव्हतं. पालकांच्या संघाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं हात वर करून त्या थांबवल्या.

"टाळ्या आधी वाजवू नका, नंतर पस्तावाल," तो म्हणाला. सभागृहात हशा पिकला. "बरीच वर्षं झाली, माझा गेलेला पाय या शहरात भाषणांतून फिरतोय. मी लंगडतो, तो मात्र सगळीकडे पोचतो. तेव्हा म्हटलं, त्याचं म्हणणं काय आहे ते आज मालकानंच सांगावं.

"दुकानं नकोत. मला पटत नाही, माझ्या भाचीला पटतं, आमचं भांडण आहे, ते चालू राहील. पण या कागदात औषधाचाही एक भाग आहे. तिथं खुर्चीत बसलेत ते माझे मेहुणे. त्यांचे पाय रोज संध्याकाळी काय करतात ते मी पाहिलंय. ते औषध मागत नाहीत, कारण माझा पाय गेला. आता मला सांगा, माझा एक गेला म्हणून त्यांचे दोन्ही आखडून राहावेत, हा कुठला न्याय? असं कुणी माझ्या नावावर म्हणू नये. आजारी माणसाला औषध द्या. औषध घेणाऱ्याला आणि ओढणाऱ्याला, दोघांनाही गाडी देऊ नका. एवढंच माझं म्हणणं."

टाळ्या कुणी वाजवायच्या हे दोन्ही बाजूंना कळेना. पेंटरनं मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्याचे खांदे हलत होते. ब्रेकबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग डॉक्टरीणबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "माझा विरोध दुकानांना आहे, तपासून दिलेल्या औषधाला नाही. दोन्ही एकाच कागदात बांधलंत तर दोन्ही वर्षानुवर्षं अडकतील. त्यांचे दोन वेगळे कायदे करा. औषधाचा भाग आधी घ्या. तो कसा द्यायचा याच्या अटी लिहायला मी मदत करेन."

समितीनं तेच केलं. पुढं सरकारी कामं चालतात तशी ती रखडली, रेंगाळली. एकदा तर सगळं बारगळल्याची बातमी आली. पण अखेर औषधाचा कायदा थोडक्या मतांनी मंजूर झाला. दुकानांचा वाद तसाच बाजूला राहिला.

पेंटरला मिळालं ते तोंडात फवारायचं औषध होतं. सुरुवात अगदी थोडक्यापासून. पहिले काही दिवस नुसती चक्कर आणि तोंडाला कोरड. पेंटर म्हणाला, "एवढ्यासाठी शहर भांडलं?" लेकीचा चेहरा पडला. नसांच्या डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं आणि मात्रा हळूहळू वाढवली.

मग एक संध्याकाळ आली. तिघं जेवायला बसली. लेक कॉलेजातल्या कुठल्याशा प्राध्यापकांची नक्कल करत होती, पेंटर हसत होता, ब्रेकबाईनं त्याला पुन्हा भात वाढला. ताटं रिकामी झाली आणि ती उचलायला उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज कुणाला मध्येच उठावं लागलं नाही. तिनं पेंटरकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यालाही तेव्हाच उमगलं होतं. बोलायची भीती वाटली दोघांना, जणू बोललं तर पाय ऐकतील. लेकच म्हणाली, "मी मामाला फोन लावते."

काही जादू झाली नाही. पेंटर खुर्चीतच आहे. काही संध्याकाळी गोळे येतात, पण पूर्वीसारखे नाहीत, आणि लवकर जातात. गुंगीच्या गोळ्या निम्म्यावर आल्या आणि जागेपणीचा नवरा तिला परत मिळाला. शिडी गेली ती गेलीच; पण त्यानं मांडीवर फळी घेऊन छोट्या पाट्या रंगवायला घेतल्या. हात अधूनमधून कापतो, तर म्हणतो, "नवीन वळण आहे, फॅशन येईल."

ब्रेकबाई एक दिवस काम आटोपून डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डात गेली. त्या ओळख पटून म्हणाल्या, "मी विरोध केला होता, आठवतंय ना?"

"म्हणून तर आले," ब्रेकबाई म्हणाली. "तुम्ही विरोध करता करता आमच्यासाठी वाट काढलीत. आमच्या बाजूच्यांना ते सुचलं नव्हतं." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "माझ्या वॉर्डातल्या मुलांमधला एक जण आता बरा आहे, कामाला लागायचं म्हणतोय. त्याच्या डॉक्टरांचा दाखला मिळाला, तर गाडी शिकवाल?" ब्रेकबाईनं त्याला वेळही तिथंच ठरवून दिली.

दादाचे आभार मात्र तिला मानता आले नाहीत. मानायला गेली की तो भाडेकरूची तक्रार सुरू करायचा. शेवटी पेंटरनंच मानले, आपल्या पद्धतीनं. शाळेच्या जुन्या पाटीचा रंग उडाला होता, ती त्यानं घरी मागवून मांडीवर घेतली आणि नव्यानं रंगवली. खाली दादाचं नाव घातलं, 'मुख्य शिक्षक' असं. दादानं पाटी उन्हात धरून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि "अक्षर बरं आहे" म्हणून खिशातला रुमाल शोधत जिना चढून गेला.

आता दुकानांच्या कायद्यावर नवी सुनावणी लागली आहे. लेक बाजूनं बोलणार, दादा विरोधात. रविवारी दोघं आपापली भाषणं एकमेकांना वाचून दाखवतात, चुका काढतात आणि पुन्हा भांडतात. पेंटर टेबलाशी बसून शेवटपर्यंत ऐकतो, मधूनच कुणाला तरी भरीस घालतो. ब्रेकबाईला अजून मत विचारलं तर ती आरशात बघायला सांगते. पण त्या गोंगाटात भांडी आवरताना तिला वाटतं, माणसं समोरासमोर बसून भांडताहेत, कुणी उठून आत जात नाही, कुणाला न्यावं लागत नाही. याहून जास्त काय मागायचं. सुनावणीला सगळे एकाच गाडीतून जाणार आहेत. चालवणार ती.